आक्साच्या किनाऱ्यावरची ‘जलपरी’: एका कुजलेल्या मृतदेहाची ओळख कशी पटली

नारळी पौर्णिमेच्या उधाणानंतरच्या सकाळी मालाड पश्चिमेकडील आक्सा किनाऱ्यावर, भरतीच्या सर्वांत वरच्या रेषेलगत, साधारण सव्वा मीटर लांबीचा एक कुजलेला मृतदेह पडलेला आढळला. अंगावरची बरीचशी त्वचा गेली होती. उघड्या पडलेल्या मेदाच्या पांढुरक्या थरातून केसांसारखे तंतू लोंबत होते आणि पावसाळ्यात मुंबईच्या किनाऱ्यांवर येणारे डांबरगोळे जागोजागी चिकटल्यामुळे त्यावर काळे ठिपके पडले होते. डोके गोल होते, पण त्यावर चेहरा म्हणता येईल असे काही उरले नव्हते. पाठीवर पर नव्हता, शेपटीच्या जागी निमुळता होत गेलेला बुंधा होता आणि डाव्या बाजूला, कातडी निघून गेलेल्या अवयवातून, पाच बोटांची हाडे स्पष्ट दिसत होती.

या पाच बोटांनीच पुढचा सगळा गोंधळ घडवून आणला. तासाभरात ‘आक्साला जलपरी सापडली’ असा मजकूर छायाचित्रासह मोबाइलवरून फिरू लागला. किनाऱ्यावरील जीवरक्षकांना हा मृतदेह एखाद्या लहान मुलाचा तर नाही ना, अशी रास्त शंका आली आणि त्यांनी पोलिसांना कळवले. पोलिसांकडून निरोप वन विभागाच्या कांदळवन कक्षाकडे गेला. त्यांचे कर्मचारी आणि पशुवैद्य निघाले आणि जवळच राहणारे प्राणिशास्त्राचे अध्यापक म्हणून आम्हा दोघांना मदतीसाठी बोलावणे आले. आम्ही पोहोचलो तेव्हा गर्दीत चार मते होती: जलपरी, सील, डुगाँग (समुद्रगाय) आणि ‘कुठलीतरी मोठी मुशी’, म्हणजे शार्क. पाचवे मत भाटीच्या कोळीवाड्यातील एका वृद्ध मच्छीमाराचे होते, परंतु त्याकडे त्या वेळी कोणी लक्ष देत नव्हते. त्याविषयी पुढे येईल.

वेळ फार नव्हता. मुंबईच्या समुद्रात दिवसातून दोनदा भरती येते आणि दोन भरत्यांमध्ये साधारण साडेबारा तासांचे अंतर असते. उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतील पाण्याच्या पातळीचा फरक चार मीटरच्या वर जातो. म्हणजे त्याच दिवशीच्या पुढच्या भरतीत मृतदेह पुन्हा समुद्रात ओढला जाण्याची शक्यता होती. आक्सा हा पोहण्यासाठी धोकादायक किनारा असल्याने पाण्याजवळची गर्दी लवकर पांगावी, ही पोलिसांची मागणीही योग्यच होती. जेसीबी वाटेत होता. ओळख पटवण्याचे सारे काम ओहोटीच्या त्या काही तासांत उरकायचे होते.

नसलेल्या अवयवांची अडचण

अशा मृतदेहासमोर उभे राहिल्यावर पाहणारा मनुष्य प्रथम बाह्याकार पाहतो आणि तो आकार ओळखीच्या एखाद्या प्राण्याशी ताडून पाहतो. ताज्या मृतदेहाच्या बाबतीत ही रीत चालते. कुजलेल्या मृतदेहाच्या बाबतीत मात्र ती हमखास फसवते, कारण आपल्याला दिसणारा आकार प्राण्याचा नसून कुजण्याच्या क्रमाने मागे ठेवलेला असतो. डॉल्फिनच्या किंवा देवमाशाच्या पाठीवरच्या परात हाड नसते, शेपटीच्या दोन्ही आडव्या पात्यांतही नसते. हे अवयव केवळ तंतुमय ऊतींचे बनलेले असल्यामुळे ते झडून गेले की त्यांचा मागमूसही सांगाड्यावर राहत नाही. त्यामुळे समोरच्या प्राण्याला पाठीवर पर नाही, एवढ्यावरून तो कधीच नव्हता की होता आणि गळून गेला, हे ठरवता येत नाही.

हा भेद न केल्याने जगभर ‘सागरी राक्षस’ जन्माला आले आहेत. १९७७ च्या एप्रिल महिन्यात न्यूझीलंडजवळ झुइयो मारू या जपानी मासेमारी नौकेच्या जाळ्यात लांब मान आणि लहान डोके असलेला एक प्रचंड कुजका देह आला आणि प्राचीन काळातला प्लेसिओसॉर हा लांब मानेचा सागरी सरीसृप अजून जिवंत असल्याची चर्चा सुरू झाली. नौकेवरील लोकांनी तो देह समुद्रात टाकून दिला, पण राखून ठेवलेल्या तंतूंमधील अमिनो आम्लांचे प्रमाण बास्किंग शार्क या महाकाय मुशीशी जुळले. त्या मुशीचा जबडा आणि कल्ले आधी गळून पडतात, त्यामुळे उरलेली लहान कवटी आणि पाठीचा कणा मिळून ‘लांब मान’ तयार होते. २००३ साली चिलीच्या किनाऱ्यावर आलेला, सुमारे बारा मीटरचा, हाडे नसलेला गोळा महाकाय ऑक्टोपसचा असल्याचे बोलले जात होते. डीएनए तपासणीत तो स्पर्म व्हेल या देवमाशाच्या मेदाचा थर ठरला. दोन्ही ठिकाणी लोकांनी जे दिसत होते त्याचे वर्णन अचूक केले होते. चूक झाली ती जे दिसत नव्हते ते मुळातच नव्हते असे धरून चालण्यात.

म्हणून आम्ही पर नाही, शेपटी नाही, चोच नाही, कान नाहीत या साऱ्या नकारात्मक लक्षणांची नोंद केली, पण ओळखीसाठी त्यातले एकही वापरायचे नाही असे ठरवले. आधार फक्त जे प्रत्यक्ष शिल्लक होते त्याचाच घ्यायचा होता, आणि त्यातही जे सर्वांत शेवटी कुजते त्याला प्राधान्य द्यायचे होते.

हातापासून सुरुवात

गर्दीला ज्या हाताने घाबरवले होते, तोच सर्वांत बोलका पुरावा निघाला. पहिली गोष्ट अशी की ती हाडे होती, कूर्चा नव्हती. मुशी आणि पाकट यांच्या शरीरात खरे हाड नसते, त्यामुळे मुशीचा प्रश्न तिथेच मिटला. दुसरी गोष्ट बोटांच्या पेरांची. माणसाच्या अंगठ्यात दोन आणि उरलेल्या प्रत्येक बोटात तीन पेरे असतात. सीलच्या पुढच्या पायातही हीच मांडणी आहे आणि बोटांच्या टोकांना नखे असतात. डुगाँगच्या पराच्या आतही कुठल्याच बोटात तीनपेक्षा जास्त पेरे नसतात. समोरच्या मृतदेहाच्या दुसऱ्या बोटात मात्र पाच पेरे स्पष्ट मोजता येत होती आणि बोटाचे टोक तुटलेले होते, म्हणजे मूळ संख्या त्याहून अधिक असली पाहिजे. दंडाचे हाड आखूड व जाड होते, त्याखालची दोन हाडे चपटी होती आणि कोपराला वाकण्याजोगा सांधा नव्हता.

बोटांतील पेरांची संख्या अशी वाढलेली असणे हे आजच्या सस्तन प्राण्यांमध्ये देवमासे, डॉल्फिन आणि त्यांच्या नातलगांचे, म्हणजे सिटेशिया गणाचे वैशिष्ट्य आहे. या एका निरीक्षणाने मनुष्य, सील आणि डुगाँग हे तिन्ही पर्याय एकदम बाद झाले. मृतदेह मानवी नाही हे पोलिसांना लगेच सांगता आले आणि त्यांच्या दृष्टीने प्रकरण तिथेच हलके झाले. अशा प्रसंगी पहिला प्रश्न प्राणिशास्त्राचा नसून पोलिसांचा असतो, आणि त्याचे उत्तर आधी देणे हे तज्ज्ञाचे कर्तव्य आहे, असे माझे मत आहे. प्रजातीचे नाव तासभर थांबू शकते.

डुगाँगचा आग्रह एका तरुण निसर्गप्रेमीने बराच वेळ सोडला नाही, म्हणून त्याविषयी दोन शब्द. भारतात डुगाँग कच्छचे आखात, मन्नारचे आखात, पाल्कची सामुद्रधुनी आणि अंदमान-निकोबार येथे आहे. एखादा प्राणी भरकटत मुंबईकडे येणारच नाही असे म्हणता येत नाही, त्यामुळे केवळ नकाशाच्या जोरावर त्याला बाद करणे योग्य ठरले नसते. परंतु डुगाँगची हाडे विलक्षण जड व भरीव असतात आणि वरच्या जबड्याचा पुढचा भाग खाली झुकलेला असतो. येथे बरगड्या बारीक होत्या आणि जबडा सरळ होता.

दात

आता प्रश्न असा उरला की सिटेशियांपैकी कोणता. मुंबईच्या किनाऱ्याजवळ सर्वाधिक दिसणारा डॉल्फिन म्हणजे हिंदी महासागरी हंपबॅक डॉल्फिन. त्याची चोच लांब आणि अरुंद असते. मऊ भाग कुजले तरी चोचीला आधार देणारे कवटीचे हाड राहतेच, म्हणून ‘चोच नाही’ हे लक्षण त्वचेवरून निरुपयोगी असले तरी हाडावरून उपयोगी ठरते. येथे कवटीचा पुढचा भाग आखूड आणि रुंद होता. दुसरा संभव ड्वार्फ स्पर्म व्हेल या स्पर्म व्हेलच्या खुज्या नातलगाच्या पिलाचा होता. विशाखापट्टणम येथून मिळालेल्या नमुन्यावरून १८६६ साली ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनी वर्णन केलेली ही प्रजाती भारताच्या समुद्रांत आहे आणि तिचेही डोके बोथट असते. मात्र तिचा खालचा जबडा लहान व अरुंद असून त्यात मोजकेच, आत वळलेले, सुईसारखे टोकदार दात असतात.

जबड्यातील निम्म्याहून अधिक दात गळून गेले होते. हिरड्या सैल झाल्यावर दात लाटांबरोबर निघून जातात, आणि किनाऱ्यावर बघ्यांनीही काही उचलले असावेत असा संशय घेण्यास जागा होती. तरीही खालच्या जबड्याच्या मागील भागात वाळूने भरलेल्या खाचांमध्ये काही दात शाबूत होते. वाळू हलक्या हाताने धुऊन काढल्यावर ते नीट दिसले. डॉल्फिनचे दात शंकूच्या आकाराचे असतात. हे दात बाजूंनी चपटे होते, टोकाला रुंद होते आणि हिरडीच्या वर बारीक मानेसारखे आवळलेले होते, म्हणजे फावड्याच्या पात्याच्या घडणीचे. असे दात पॉरपॉइज कुळातच, म्हणजे डॉल्फिनच्या चोच नसलेल्या लहान नातलगांतच, असतात. रिकाम्या खाचा धरून एका ओळीत अठरा दातांची जागा मोजली गेली. या कुळातील फिनलेस (पर नसलेल्या) पॉरपॉइजच्या प्रत्येक ओळीत साधारण १५ ते २२ दात असतात, तर हंपबॅक डॉल्फिनच्या ओळीत ३० हून अधिक. शिवाय कवटीवर, नाकाच्या हाडी छिद्रांच्या अगदी पुढे, दोन्ही बाजूंना गोलसर उंचवटे होते. हेही पॉरपॉइज कुळाचे लक्षण असून डॉल्फिनच्या कवटीत ते आढळत नाही.

भारताच्या समुद्रात पॉरपॉइज कुळाची एकच प्रजाती राहते: इंडो-पॅसिफिक फिनलेस पॉरपॉइज, निओफोकेना फोकेनॉइडिस. कोकणच्या किनाऱ्यावर तिला भुलगा म्हणतात. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज क्युव्हिए यांनी १८२९ मध्ये तिचे वर्णन केले. ती उथळ किनारी पाण्यात आणि खाड्यांच्या मुखांशी राहते, उड्या मारत नाही, नौकांपासून दूर राहते आणि श्वास घेण्यासाठी वर येते तेव्हा पाठीचा जेमतेम एक तुकडा दिसतो. पाठीवर पर नसल्याने तोही लाटेत हरवतो. मुंबईच्या पाण्यात पिढ्यान् पिढ्या राहणारा हा प्राणी मुंबईकरांना मेल्यावरच दिसतो, आणि तोही बहुधा ओळखू न येण्याच्या अवस्थेत.

कोळीवाड्यातील साक्ष

भाटीच्या त्या वृद्ध मच्छीमाराने आम्ही हातमोजे चढवत असतानाच सांगितले होते, “भुलगा हाय ताई, जलपरी-बिलपरी काय नाय.” कशावरून, असे विचारता त्याने डोक्याचा गोलावा आणि अंगाचा आकार दाखवला, आणि डोलीच्या किंवा टाकत्या जाळ्यात असा प्राणी अधूनमधून येतो, असेही सांगितले. त्याचे उत्तर बरोबर होते. आम्ही ते नोंदीत त्याच्या मतासह लिहिले, परंतु ओळखीचा आधार म्हणून लिहिले नाही, कारण गोल डोके ड्वार्फ स्पर्म व्हेलचेही असते आणि कुजल्यावर आणखी कितीतरी प्राण्यांचे होते. यात त्याच्या ज्ञानाविषयी अविश्वास नव्हता. उलट पुढे काय शोधायचे हे त्याच्या एका वाक्याने ठरले आणि आम्ही थेट जबड्याकडे वळलो. एरवी आम्ही आधी पाठीच्या कण्यात वेळ घालवला असता. ज्यांच्या जाळ्यात हे प्राणी येतात त्यांना त्यांची नावे ठाऊक असतात. गर्दीत त्यांना कोणी विचारत नाही, एवढेच.

पाठीची त्वचा

जेसीबी येईपर्यंत ओळख कुळापर्यंत पक्की झाली होती, आणि भारतीय समुद्रात त्या कुळाची दुसरी प्रजाती नसल्याने प्रजातीपर्यंतही जवळपास झाली होती. तरी या ‘जवळपास’ला एक खोट होती: तो निष्कर्ष भूगोलावर टेकलेला होता, समोरच्या देहावर नाही. डुगाँगच्या बाबतीत आम्ही नकाशावर विसंबायला नकार दिला होता, मग येथेच विसंबणे विसंगत झाले असते.

मृतदेह पोट वर करून पडला होता. तो उचलण्यासाठी उलटवला तेव्हा पाठीच्या मध्यावर, ओल्या वाळूत दबून राहिलेला त्वचेचा वीतभर लांब पट्टा शाबूत असल्याचे दिसले. त्यावर कण्याच्या रेषेत सुमारे सहा सेंटिमीटर रुंदीचा एक पट्टा होता आणि त्यावर बारीक खरखरीत उंचवट्यांच्या अनेक समांतर ओळी होत्या. हीच या प्रजातीची खूण आहे. चीन, कोरिया आणि जपानच्या किनाऱ्यांवरील जवळची प्रजाती पाठीवरील अतिशय अरुंद कड्यावरून ओळखली जाते. तिचा उंचवट्यांचा पट्टा दीड सेंटिमीटरही भरत नाही. येथील रुंद पट्टा त्या प्रजातीला वगळत होता. शिवाय जिथे पर असायला हवा होता तिथे अखंड त्वचा आणि उंचवटे होते, म्हणजे या प्राण्याला पर कधीच नव्हता. सकाळी जे लक्षण आम्ही निरुपयोगी म्हणून बाजूला ठेवले होते, ते आता पुराव्यासह वापरता आले.

या पट्ट्याचा रंग काळाकुट्ट होता. संकेतस्थळांवरील छायाचित्रांत हा प्राणी राखाडी दिसतो, अशी हरकत एका विद्यार्थ्याने घेतली. हरकत चांगली होती. जिवंतपणी तो राखाडीच असतो, परंतु मेल्यावर त्वचा झपाट्याने काळवंडते, आणि जुन्या काळातील वर्णने मृत नमुन्यांवरून लिहिलेली असल्याने अनेक वर्षे त्याला काळा पॉरपॉइज म्हटले जात होते.

वय, लांबी आणि मृत्यूचे कारण

सिटेशियांची लांबी वरच्या जबड्याच्या टोकापासून शेपटीच्या दोन पात्यांमधील खाचेपर्यंत सरळ रेषेत मोजतात. येथे ती खाचच नव्हती. म्हणून १३२ सेंटिमीटर हा आकडा ‘किमान लांबी, शेपटी अपूर्ण’ अशा शेऱ्यासह नोंदवला. या प्रजातीचे पूर्ण वाढलेले प्राणी दीड मीटरच्या आसपास असतात आणि नवजात पिले पाऊण मीटरच्या थोडी पुढे, त्यामुळे हे पिलू नव्हते एवढे निश्चित. काही मणक्यांच्या टोकांच्या चकत्या अजून मणक्याला पूर्ण जुळलेल्या नव्हत्या, त्यावरून वाढ पुरती झाली नव्हती असे म्हणता आले. लिंग सांगण्याजोगे अवयव उरले नव्हते.

मृत्यूच्या कारणावरून मात्र किनाऱ्यावर थोडी कुरबुर झाली. या प्रजातीच्या मृत्यूंमागील सर्वांत मोठे ज्ञात कारण म्हणजे जाळ्यात, विशेषतः गळफास बसणाऱ्या जाळ्यांत, अडकून गुदमरणे. हे प्राणी फुप्फुसाने श्वास घेतात, त्यामुळे पाण्याखाली अडकले की थोड्याच वेळात दगावतात. महाराष्ट्रात यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी असते. बंदी नुकतीच उठलेली, त्यामुळे जमलेल्या काही पर्यटकांनी सरळ कोळ्यांकडे बोट दाखवले आणि आमच्या नौका अजून नारळ वाहूनही निघाल्या नाहीत, असे कोळ्यांनी संतापून सांगितले. वास्तविक दोन्ही बाजूंना पुरावा नव्हता. जाळ्याच्या दोरीचे वळ त्वचेवर उमटतात आणि त्वचाच गेली होती. श्वासनलिकेत फेस आहे का हे फुप्फुसे कुजल्यावर कळत नाही. मृतदेहांच्या अवस्था पाच पायऱ्यांत नोंदवतात: जिवंत, ताजा, मध्यम कुजलेला, फार कुजलेला आणि केवळ सांगाडा. हा चौथ्या पायरीवर होता. पावसाळी नैर्ऋत्य वारे आणि प्रवाह दूर मेलेले प्राणीही किनाऱ्याकडे ढकलतात, त्यामुळे आक्साला लागला म्हणजे आक्साजवळ मेला असेही ठरत नाही. ‘मृत्यूचे कारण: अनिश्चित’ एवढेच लिहिले. संशयित कारण म्हणून जाळ्याचा उल्लेख करावा असा एक प्रस्ताव होता. मी त्याला विरोध केला, कारण अशा नोंदी पुढे एकत्र करून आकडे काढले जातात आणि संशयाच्या रकान्यातली जाळी तिथे खात्रीची जाळी होऊन बसतात.

नमुने आणि विल्हेवाट

फिनलेस पॉरपॉइज वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याचा दात जरी परवानगीविना घरी नेला तरी तो गुन्हा ठरतो. सकाळी कोणी उचलले असल्यास ते परत आणून द्यावेत, असे जीवरक्षकांनी भोंग्यावरून सांगितल्यावर एक मुलगा दोन दात घेऊन आला. कवटी, दात आणि पाठीच्या त्वचेचा पट्टा वन विभागाने पंचनामा करून ताब्यात घेतला. स्नायूचा एक तुकडा डीएनएसाठी अल्कोहोलमध्ये ठेवला. प्रजातीच्या नावासाठी या तपासणीची गरज राहिली नव्हती. तिचा उपयोग मुंबईजवळचे भुलगे इतर किनाऱ्यांवरच्या गटांपासून किती वेगळे आहेत, या निराळ्या प्रश्नासाठी आहे. उरलेला देह उधाणाच्या रेषेच्या वर, खोल खड्ड्यात पुरला.

नोंदीत प्रजातीच्या नावापुढे आधाराचा रकाना वेगळा ठेवला आणि त्यात क्रम लिहिला: पेरांवरून गण, दात व कवटीवरून कुळ, पाठीच्या पट्ट्यावरून प्रजाती. प्रत्येक पायरीसोबत मोजपट्टी ठेवून काढलेले छायाचित्र जोडले. जुन्या नोंदींत ‘डॉल्फिन, कुजलेला’ एवढाच शेरा वारंवार सापडतो आणि त्यातले किती भुलगे होते हे आता कोणालाच काढता येत नाही, कारण नाव आहे पण ते कशावरून दिले ते नाही. या नोंदीशी उद्या कोणाला असहमत व्हायचे असेल, तर दुसऱ्या बोटाचे छायाचित्र आणि मागील जबड्यातील दातांची छायाचित्रे त्याच्यासमोर असतील.